सुमनताईचा हिरवा ठिपका

रूपीनगरच्या तिसऱ्या गल्लीतून कुणी मुलगी बघायला निघालं की एक काळजी घेतली जायची. सुमनताईला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती बरोबर यायची, आणि आली की बघायची. पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या मुलीच्या हातांकडे एकदा नजर टाकून परतीच्या रिक्षात म्हणायची, "बांगड्या शेजारणीच्या हायत. मनगटात नाचायल्यात." पुढे चौकशीत ते खरंच निघायचं. कोपऱ्यावरचा किराणावाला तिला तूरडाळ देण्याआधी स्वतःच दोनदा चाळायचा. गल्लीतल्या टवाळांनी तिचं नाव 'एक्स-रे' ठेवलं होतं. ते फक्त तिच्या पाठीमागे घ्यायचं असा नियम होता, पण पाठीमागचंही तिला दिसत असावं अशी धास्ती सगळ्यांनाच होती.

ही नजर तिनं पगारावर कमावलेली. केज तालुक्यातून लग्न होऊन ती इकडे आली आणि तळवड्यात नानासाहेबांच्या वर्कशॉपमध्ये लागली, त्याला बावीस वर्षं झाली. तिथं मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पोलादी रिंगा बनतात. अंगठीहून मोठ्या, बांगडीहून लहान. भट्टीतून निघताना एखाद्या रिंगेला तडा जातो, केसाहून बारीक. तो तडा रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर उघडतो, आणि मग तो कुणाच्या बापाला मिटवता येत नाही. तो शोधायचं काम सुमनताईचं. उत्तरेच्या खिडकीशी बाकडं, वर ट्यूबलाइट, बाजूला रॉकेलची वाटी. रिंग रॉकेलात बुडवायची, फडक्यानं कोरडी पुसायची आणि बोटावर फिरवायची. तडा असला तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूच बाहेर येतं आणि काळी रेघ उमटते. रेघ नसली तर रिंगेच्या कडेला हिरव्या शाईचा एक ठिपका.

तो ठिपका म्हणजे सही. वर्कशॉपमध्ये जेवढ्या तपासणाऱ्या तेवढे रंग, अशी नानासाहेबांची पद्धत. एक बाई लाल होती, एक पिवळी. त्या सोडून गेल्या तशा त्यांचे रंगही बंद झाले. उरला हिरवा. चाकणच्या मोठ्या कंपनीत रिंगांची पेटी उघडली की तिथली माणसं म्हणायची, हिरवा ठिपका आहे, लावा पुढे. सुमनताईच्या उजव्या अंगठ्यावरचा हिरवा डाग तर आता साबणालाही दाद देत नव्हता. संक्रांतीच्या वाणाला बायका चिडवायच्या, "सुमनताई, तुमच्या मालकांनाबी लावलाय का हो ठिपका, तपासून?" ती म्हणायची, "लावला असता. पण तवा रॉकेल महाग होतं."

बाकड्याच्या खणात तिचा एक डबा होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. त्यात बावीस वर्षांत सापडलेल्या सगळ्यात बेरकी सतरा रिंगा. त्यांना ती चोर म्हणायची. नवी मुलगी कामाला लागली की तिच्यापुढे आधी हे चोर चांगल्या रिंगांत मिसळून ठेवायचे. सतराच्या सतरा पकडेपर्यंत ठिपक्याला हात नाही.

मग नानासाहेबांचे गुडघे गेले आणि चिरंजीव दिग्विजय खुर्चीवर आले.

चिरंजीव एमबीए. आल्या आल्या त्यांनी केबिन काचेची केली, एसी बसवला आणि कोपऱ्यात माशांची टाकी ठेवली. टाकीवरचा दिवा अकरा हजारांचा. त्या उजेडात माशांचे रंग खरे दिसतात म्हणे. ही किंमत नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती उपयोगी पडते. मागच्या उन्हाळ्यात भोसरीचा कॅमेरेवाला दोन खोकी घेऊन आला. पट्ट्यावरून रिंगा पळणार, वरून कॅमेरा फोटो घेणार, कॉम्प्युटर तडा ओळखणार आणि वाईट रिंग हवेच्या फुंकरीनं लाल पेटीत उडणार. योजना झकास होती. प्रश्न फक्त कॅमेरा कुठला, एवढाच.

"हा ब्याण्णव हजारांचा," कॅमेरेवाला म्हणाला. "कारखान्यासाठीच बनवलेला. हा दुसरा साडेसहा हजारांचा."

"मेगापिक्सेल सारखेच ना?"

"स्वस्तातल्याचे जास्तच आहेत साहेब. पण त्याचा सेन्सर फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळीनं वाचत येतो. वस्तू पळत असली की फोटो तिरपा. आणि पत्र्याखाली तापला की—"

"जास्त आहेत ना? मग झालं."

सुमनताई तिथं रिंगांचा ट्रे घेऊन उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारल्याशिवाय बोलू नये हे तिला ठाऊक होतं, पण राहवेना. "दादा, डोळ्याला रस्त्यावरचा चष्मा घेऊ न्हाई."

दिग्विजय हसला. खिशातून फोन काढून त्यानं हलवून दाखवला. "ताई, ह्याच्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात. तुमची रिंग काय चंद्रापेक्षा लांब आहे?"

"चंद्र एका जागी ऱ्हातो दादा. रिंग पळती."

कॅमेरेवाल्यानं तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण चेक दिग्विजय फाडणार होता. त्यानं तोंड मिटलं.

साडेसहा हजारांचा डोळा पत्र्याच्या शेडखाली बसला. मासे एसीत राहिले, डोळा पत्र्याखाली. सुमनताईचं बाकडं खिडकीपासून उचलून पॅकिंगकडे गेलं. पगार तोच, काम खोक्यांना टेप लावायचं. तेही तिनं गिळलं असतं. पण पहिल्याच दिवशी पट्ट्याच्या शेवटी एक शिक्का बसवलेला दिसला. पास झालेल्या प्रत्येक रिंगेवर तो टक्कन ठिपका उठवत होता. हिरवा.

ती सरळ केबिनमध्ये गेली. चपला बाहेर काढल्या, तेवढा मान राखला. "दादा, माझा ठिपका मशिनीला कुणी दिला?"

"ताई, चाकणच्या कागदावर हिरवा ठिपका लिहिलेला आहे. रंग बदलायचा म्हणजे परवानगी, सहा महिने. आणि रंग काय तुमच्या मालकीचा आहे का?"

मालकीचा नव्हता. रंग बाजारात मिळतो. ती बाहेर आली, चपला घातल्या, आणि त्या दिवशी टेप इतकी ओढून लावली की चाकणच्या माणसांना खोकी कटरनं फोडावी लागली.

आता पुढची गोष्ट सुमनताईनं गल्लीत कुणाला सांगितली नाही, फक्त नवऱ्याला सांगितली. आणि मारुतरावांच्या पोटात गोष्ट राहिली असती तर गल्लीला काही कामच उरलं नसतं. झालं असं. दुपारचे दोन वाजले, पत्रा तापला, की मशीन चांगल्या रिंगाही लाल पेटीत उडवायला लागायचं. सुमनताईनं पेटीतल्या मूठभर रिंगा उचलून बघितल्या, सगळ्या निर्दोष. तिनं ते मशीन चालवणाऱ्या ज्ञानदेवला सांगितलं, त्यानं दिग्विजयला. दिग्विजय येऊन म्हणाला, "जरा ढिलं कर सेटिंग." ज्ञानदेवनं ढिलं केलं. तरी उडाल्या. अजून ढिलं. मग लाल पेटी रिकामी राहायला लागली आणि दिग्विजय खूश झाला. सुमनताईनं रिकाम्या पेटीत वाकून बघितलं. भट्टीचा माल तिला माहीत होता. दिवसाला दहा-बारा चोर निघणार म्हणजे निघणार. ते गेले कुठं? ती एकदा बोलायला गेली, तर उत्तर मिळालं, "ताई, तुम्ही पॅकिंग बघा." त्यानंतर ती बोलली नाही. बघू दे त्याच्या चंद्राला, असं मनात म्हणाली आणि टेप लावत राहिली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मशिनं बंद असतात. सगळी पुसून धुऊन चकाचक करायची, झेंडूची माळ, नारळ, पेढे आणि प्रत्येकाला स्टीलचा एक डबा. हळदीकुंकू लावायचा मान सगळ्यात जुन्या बाईचा, म्हणजे सुमनताईचा. लेथला लावलं, ड्रिलला लावलं, भट्टीच्या दाराला लावलं. कॅमेऱ्याच्या पेटीशी येऊन ती थांबली. राग होता. पण वर्षाच्या दिवशी यंत्राला उपाशी ठेवू नये. तिनं पेटीच्या वरच्या पत्र्यावर दोन बोटं उठवली आणि पुढे गेली.

दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी चाकणहून फोन आला. ब्रेक जोडण्याच्या लाइनीवर रिंग दाबताना एक फुटली. मग त्यांनी साठा उघडून तपासला. तडा गेलेल्या एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या एक्केचाळीसवर हिरवा ठिपका.

मोठ्या कंपनीला अशा वेळी एक कागद लागतो. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करणार. काय चुकलं ते एक्केचाळीस रिंगांनी सांगितलंच होतं. 'का' च्या रकान्यापाशी दिग्विजय अडला. खरं लिहिलं तर साडेसहा हजार लिहावे लागले असते. त्यानं माशांकडे बघत विचार केला, आणि लिहिलं की खंडेनवमीच्या पूजेत महिला कामगारानं कॅमेऱ्याच्या लेन्सला कुंकू लावलं, त्यामुळे तडे दिसले नाहीत. उपाय: संबंधित कामगारास समज देण्यात आली. खाली दोन सह्यांच्या जागा. एक त्याची. दुसरी संबंधित कामगाराची.

सुमनताईला केबिनमध्ये बोलावलं. चपला काढून ती आत आली. कागद इंग्रजीत होता. तिनं तो ज्ञानदेवला वाचायला लावला. त्या बिचाऱ्यानं मालकाकडे न बघता तो मराठीत सांगितला.

"मी पेटीच्या पत्र्याला लावलंय," ती म्हणाली. "अजून तिथंच हाय. चला दावते."

"ताई, पावडर आहे ती. खाली सांडली असणार."

"लावून दोन आठवडे झाले. दोन आठवडे ह्या ज्ञानदेवानं काच पुसली न्हाई?"

ज्ञानदेव आपल्या बुटांकडे बघू लागला.

"हे बघा ताई." दिग्विजयनं आवाज मऊ केला. मालकाचा आवाज मऊ झाला की शहाण्यानं खिसा सांभाळावा. "तुमचं काहीही बिघडणार नाही. पगार कापणार नाही. नुसता कागद आहे. चाकणच्या मॅडम गुरुवारी येणार, कागदावर सही लागते. नाही केली तर ऑर्डर जाते. ऑर्डर गेली तर सगळ्यात आधी पॅकिंगच बंद करावं लागेल."

तिनं कागदाची घडी घातली. "घरी नेते."

"इथंच करा ना."

"घरी वाचून घेते म्हणले दादा. बावीस वर्षं एक रिंग न बघता सोडली न्हाई, कागद कसा सोडू?"

आता गल्लीचं पाप. कागद संध्याकाळी रूपीनगरला पोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गोष्ट तयार होती. सुमनताईनं कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू घातलं. कुणी म्हणालं, मुद्दाम घातलं, बाकडं हलवलं म्हणून. किराणावाला, ज्याची डाळ बावीस वर्षं तिच्या भीतीनं स्वच्छ राहिली, तोच म्हणाला, "नजर कमी झाली असंल बाईची आता, वयच हाय." ती समोरून जात होती. तिला ऐकू गेलं. ज्या बाईला सगळी गल्ली घाबरायची, तिच्याकडे बघून लोक पहिल्यांदाच गालात हसले. हे हसणं पैशानं भरून निघत नाही.

घरी मारुतराव म्हणाले, "सही कर अन् मोकळी हो. पगार तर चालू ऱ्हातोय."

"तुमी व्हा मोकळे," ती भाकरी थापता थापता म्हणाली. थापा जरा जोरातच पडत होत्या. "माझ्या ठिपक्यानं एक्केचाळीस चोर चाकणला गेले. एखादी रिंग कुणाच्या गाडीत बसली असती म्हंजे? अन् त्या माणसाचं लेकरू मागं बसलेलं असतं म्हंजे? मला दिसत होतं. लाल पेटी रिकामी दिसत होती मला, अन् मी रुसून टेप लावत बसले. माझी चूक ती हाय. ती लिहा म्हणावं, करते सही. कुंकवाची न्हाई करणार."

भाकरी कडेला करपली होती, ती मारुतरावांनी तशीच खाल्ली.

गुरुवारी चाकणहून मोनिका आली. कंपनीत गुणवत्तेचं बघणारी, तिशीतली, पाठीला सॅक, पायात पुढून लोखंड लावलेले बूट. दिग्विजयनं भेट मुद्दाम सकाळी अकराची ठेवली होती, तेव्हा शेड थंड असते. त्यानं मशीन दाखवलं. मशीन शहाण्यासारखं वागलं. मग तो म्हणाला, "मॅडम, कागदावर सही घेऊ, आणि नाशिक हायवेवर जेवायला जाऊ. टेबल सांगून ठेवलंय."

"सही कुणाची राहिलीय?"

"माझी," सुमनताई म्हणाली. ती पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्यात घरचा कुंकवाचा करंडा. "मॅडम, दोन गोष्टी दावायच्या हायत. एक आत्ता. दुसरी दुपारी अडीचला."

"ताई, मॅडमना वेळ—"

"मी डबा आणलाय," मोनिका म्हणाली. "थांबते. दाखवा मावशी."

सुमनताईनं करंडा उघडला, बोटावर कुंकू घेतलं आणि सगळ्यांदेखत कॅमेऱ्याच्या काचेला लावलं. चांगलं दाबून, लग्नातल्या करवलीला लावतात तसं.

"आता चांगल्या रिंगा सोडा. मॅडम, तुमी निवडा."

मोनिकानं भिंग लावून वीस रिंगा निवडल्या. ज्ञानदेवनं पट्टा सुरू केला. पहिली रिंग कॅमेऱ्याखालून गेली आणि फुस्स, लाल पेटीत. दुसरी फुस्स. विसाव्या रिंगेपर्यंत हिरव्या शिक्क्याला एकदाही खाली यावं लागलं नाही.

सुमनताईनं लाल पेटी उचलून मॅडमपुढे ठेवली. मग वळली. "मशिनीला काळं दिसलं की ती तडा समजती. काचेवर कुंकू असलं तर तिला सगळ्याच रिंगा फुटलेल्या दिसणार. चांगल्या बी उडणार. चोर सुटायचे न्हाईत, साव मरतील. दादा, तुमच्या कागदावर काय लिहिलंय?"

दिग्विजय म्हणाला, "तसं अगदी ब्लॅक अँड व्हाइट नसतं मॅडम, थोडं कमी कुंकू असेल तर..."

"कमी लावू?" सुमनताईनं करंडा पुढे केला. "किती ते सांगा. मोजून लावते."

मोनिकानं खाली मान घालून वहीत काहीतरी लिहिलं. हसू लपवायला वही बरी पडते. मग विचारलं, "कॅमेऱ्यानं घेतलेले फोटो साठवता ना? खंडेनवमीनंतरचे दाखवा."

"स्टोअरेज घेतलं नव्हतं," दिग्विजय म्हणाला. "खर्च वाचवला."

काच पुसली गेली. मोनिकानं पॅकिंगच्या टेबलावर आपला डबा उघडला. तिची शेंगदाण्याची चटणी आणि सुमनताईची मेथी ह्यांची अदलाबदल झाली. केबिनमध्ये एकटा बसलेला दिग्विजय माशांना चारा टाकत होता.

अडीच वाजले. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर चढलं होतं. शेडमध्ये हात लावावा ते तापलेलं. सुमनताईनं डबा उघडला आणि सतरा चोर शंभर चांगल्या रिंगांत मिसळले. "रोजच्या वेगानं सोड रे ज्ञानदेवा. पाहुण्यांसाठी हळू नको."

पट्टा पळाला. फुस्स, असं तीनदा झालं. बाकी वेळ नुसती शिक्क्याची टकटक. टक, टक, टक. मशीन थांबलं तेव्हा लाल पेटीत तीन रिंगा पडल्या होत्या. सुमनताईनं पास झालेल्यांचा ढीग रॉकेलच्या वाटीशी ओढला. चष्मा लावला. बोटं फिरायला लागली. चौदा चोर एकापाठोपाठ एक टेबलावर येऊन पडले. तिला ते चेहऱ्यानं माहीत होते.

"ह्यो बगा," तिनं एक उचलला. "ह्यो मी धरला तवा माझी लेक स्वरूपा दुसरीत होती. आज तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली. इतकी वर्षं ह्याला मी डब्यातनं भाईर पडू दिला न्हाई. अन् आज ह्याच्या टकुऱ्यावर माझा ठिपका हाय. माझा. मी काय मेले होते का, माझ्या नावानं सही ठोकायला?"

वरच्या पंख्यानं गरम हवा इकडून तिकडे केली.

मोनिका स्क्रीनजवळ गेली. शेवटचा फोटो अजून तिथं होता. रिंग गोल नव्हती, अंड्यासारखी एका बाजूला कललेली. आणि सगळ्या चित्रावर रवा सांडावा तसे पांढरे काळे कण. "सेन्सर तापलाय," ती म्हणाली. "हे दाणे त्यामुळे. आणि रिंग कललीय ती वेगामुळे. ह्या दाण्यांत केसाएवढा तडा मलाही दिसत नाहीये. दाण्यांना तडा समजून मशीन चांगला माल उडवत असणार सुरुवातीला. मग कुणीतरी सेटिंग ढिलं केलं?"

दिग्विजयनं ज्ञानदेवकडे बघितलं. हे बघणं वर्कशॉपमध्ये सगळ्यांना ओळखीचं होतं. मालक असं बघतो तेव्हा खालच्यानं पुढे येऊन म्हणायचं असतं, हो, मीच केलं. कागदावर आता दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागणार होतं, आणि ज्ञानदेव सोयीचा होता.

ज्ञानदेवनं बुटांकडे बघितलं. मग टेबलावरच्या चौदा रिंगांकडे. "साहेब," तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ढिलं कर. दोनदा. ताई सांगत होत्या तेव्हा."

"अरे, मी जनरल बोललो होतो."

"कारखान्यासाठीचा कॅमेरा का नाही घेतला?" मोनिकानं विचारलं.

"मॅडम, ब्याण्णव हजार. छोटं युनिट आहे आमचं. तुम्ही लोक भाव वाढवून देत नाही आणि—"

"हे खरं आहे," ती म्हणाली. "भाव आम्ही चेपतो. पण परवडत नव्हता तर मावशींना खिडकीशी बसू द्यायचं होतं. हा अर्धा डोळा कशाला बसवला? आणि वरून ह्यांचा ठिपका."

"माशाचा दिवा अकरा हजारांचा हाय," सुमनताईनं माहिती पुरवली.

मोनिकानं कागद मागितला. सुमनताईनं पर्समधून तो काढून दाखवला, पण हातातून सोडला नाही. मोनिकानं आपल्या सॅकमधून कोरा कागद काढला आणि दिग्विजयसमोर ठेवला. तिनं 'का' चा रकाना सांगितला, त्यानं तो स्वतःच्या हातानं लिहिला. कॅमेऱ्याचा सेन्सर कामाच्या लायकीचा नव्हता, आणि इशारा मिळूनही सेटिंग ढिलं केलं. उपाय: योग्य कॅमेरा येईपर्यंत प्रत्येक रिंग डोळ्यानं तपासायची. तो आल्यावर रोज सकाळी आणि दुपारी अडीचला डब्यातले सतरा चोर मशीनमधून सोडायचे, आणि ते पकडले की नाही ह्याच्या रजिस्टरवर मालकानं स्वतः सही करायची.

"आणि इशारा देऊन गप बसलेली बाई," सुमनताई म्हणाली. "ते बी लिहा. मी एकदाच बोलले. दहादा बोलायला पायजे होतं."

"ते मी नाही लिहीत मावशी," मोनिका म्हणाली. "त्याला रकाना नाही."

त्याच संध्याकाळी सुमनताईनं शिक्क्यातली हिरव्या शाईची बाटली काढून आपल्या बाकड्याच्या खणात ठेवली. बाकडं परत खिडकीशी आलं. कॅमेरा दिवाळी होऊन गेल्यावर आला. तोवर भाव चढून एक लाख चार हजार झाला होता, म्हणजे साडेसहा हजारांचा आधीचा डोळा आणि एक्केचाळीस रिंगांचा दंड धरता भलतीच बचत झाली होती. नव्या कॅमेऱ्याची पहिली परीक्षा सुमनताईनंच घेतली, भर दुपारी. सतरापैकी सतरा लाल पेटीत. तिनं ते चोर पुन्हा सोडले. सतरा. तिसऱ्यांदा सोडले. सतरा.

"झालं का समाधान?" दिग्विजयनं विचारलं.

"मशिनीचं झालं," ती म्हणाली. "तिला तिचा रंग द्या. निळा. सहा महिने लागू द्यात परवानगीला, तवर मी बघते. हिरवा माझ्यासंगं बंद व्हईल."

"बरं. आता राग सोडा ताई. आणि तो जुना कागद द्या, फाडून टाकू. फाइलला उगाच नको."

"कुठला?"

"कुंकवाचा."

सुमनताईनं बिस्किटांचा डबा उघडला. सतरा रिंगा होत्या आणि त्यांच्याखाली, रॉकेलचा एक डाग पडलेला, चार घड्यांचा तो कागद. दुसऱ्या सहीची जागा कोरी. तिनं त्यावर चोर पुन्हा रचले आणि झाकण लावलं.

"ऱ्हाऊ दे तिथंच," ती म्हणाली. "रोज दोनदा उघडायचा हाय डबा. तुमी सहीला येताच."

तेव्हापासून दिग्विजय दिवसातून दोनदा बाकड्याशी येतो, उघड्या डब्यात न बघता रजिस्टरवर सही करतो आणि काचेच्या केबिनमध्ये परत जातो. सुमनताई मात्र त्याची सही झाल्याशिवाय झाकण लावत नाही. किराणावाल्याकडून तर तिनं तूरडाळ घ्यायचीच सोडली. पार निगडीहून आणते, आणि पिशवी हातात धरून त्याच्या दुकानासमोरूनच, जरा सावकाश, जाते.